गिरणीच्या बोळातली गाडी

बार्नाबेने ओंडक्यांनी भरलेली गाडी बोळाच्या तोंडाशी आडवी घातली, घोडे सोडले आणि चाकांच्या खिळी उपसल्या. चाकं निखळली, गाडी धाडकन खाली बसली. गिरणीचा बोळ बंद झाला.

गावात शिरलेला एकही प्रशियन स्वार इथून निसटता कामा नये, एवढंच फ्रेंच कप्तानाने त्याला सांगितलं होतं. वॉटर्लूला पराभव झाला होता, सम्राट गादी सोडून गेला होता, आणि तरी त्या संध्याकाळी त्याच्या रोकांकूर गावात फ्रेंच जिंकले. शत्रूचं घोडदळ भर रस्त्यात कापलं गेलं.

बार्नाबेचा मुलगा फिर्मां त्याच फ्रेंच स्वारांमध्ये होता. लढाई संपल्यावर तो दारात आला, उभ्याउभ्याच कांद्याचं सूप प्यायला आणि म्हणाला, "बाबा, आजची लढाई तुम्ही जिंकलीत."

आई, पेरीन, त्याला रात्रीपुरतं थांब म्हणून विनवत होती. पण निघण्याचा हुकूम सुटला होता.

दुसऱ्याच दिवशी सेव्रच्या पुलापाशी फिर्मां लढताना मारला गेला. मग पॅरिस शरण गेलं. जिंकलेलं गाव सोडून फ्रेंच सैन्य निघून गेलं आणि प्रशियन परतले.

त्यांच्या मेजरने चर्चसमोर सगळ्यांना गोळा केलं आणि विचारलं, बोळ कुणी अडवला? आता गाव पेटवणार, हे सगळ्यांनी ओळखलं. मेयरनी मान खाली घातली. बार्नाबेकडे कुणीही पाहिलं नाही. त्यालाच ते जड झालं.

पेरीनने त्याची बाही धरली. "जाऊ नका. मला आता कोण आहे?"

"बाकीच्यांची पोरं अजून जिवंत आहेत," तो म्हणाला आणि पुढे झाला. त्याने टोपी काढली. "साहेब, गाडी माझी. गावाला काही ठाऊक नव्हतं."

मेजर घोड्यावरून उतरला. पिकल्या मिशांचा, थकलेला माणूस. त्याने हात पुढे केला.

"माझी तुकडी मागून त्याच बोळाने आत येणार होती," तो मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये म्हणाला. "गाडीमुळे अडलो. आत गेलेले सगळे मेले. माझी माणसं घरी जातील ती तुमच्यामुळे. या गावाला कुणी हात लावणार नाही."

गर्दीतून सुस्कारा उठला. मेयर डोळे पुसू लागले. काहीतरी बोलायला हवं म्हणून बार्नाबेने विचारलं, "मग तुम्ही तिथून कुठं गेलात?"

"वळसा घालून सेव्रला. पुलावर तुमचे थोडे स्वार होते," मेजर म्हणाला. "त्यातला एकही आम्ही सोडला नाही."