घरचं लॉगिन

पहिल्या कंपनीच्या लॉगिनने सासूबाईंना आत घेतलं नाही, तेव्हा थोरलीला आतून गार वाटलं. चेहरा मात्र तिने काळजीचा ठेवला.

सासूबाई टॅब्लेट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. स्क्रीनवर रस्त्याच्या फोटोचे चौकोन होते. ज्यात सिग्नल असेल त्यावर बोट ठेवा, म्हणजे तुम्ही यंत्र नाही हे कळेल, असं खाली लिहिलेलं. खांब सिग्नलमध्ये धरायचा की नाही, इथे सासूबाई अडल्या. विचारायची सोय नव्हती. घरच्या कंपनीचा नियमच तसा होता. कुठलीही नवी स्क्रीन आधी आईंपुढे ठेवायची, कुणी मदत करायची नाही, आणि आई आपल्या आपण आत गेल्या तरच ती गिऱ्हाइकांना द्यायची. आईंनी खांबही धरला. यंत्राने त्यांना माणूस मानायला नकार दिला.

कंपनी म्हणजे दोघे भाऊ, त्यांच्या बायका आणि घराचा खालचा मजला. पेशंटना तपासणीचे रिपोर्ट मोबाइलवर दाखवणारं ॲप ते चालवत. त्याचं लॉगिन थोरलीने एकटीने लिहिलेलं, धाकटी या घरात यायच्या कितीतरी आधी. आणि आता धाकटीचं म्हणणं, की पासवर्ड सांभाळा, ओटीपी पाठवा, चोर ओळखा, ही डोकेदुखी आपण कशाला घ्यायची? हेच काम करणाऱ्या कंपन्या आहेत, क्लाउडवर सगळं तयार मिळतं, त्यातली एक निवडू. तिने दोन कंपन्यांची तुलना भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर मांडली होती. महिन्याचा खर्च, पेशंट वाढले तर होणारा खर्च, उद्या नको वाटलं तर आपली माहिती परत काढून आणता येईल का, असं सगळं. शेवटच्या रकान्याला तिने नाव दिलं होतं ‘घरचं’. त्याखाली बहुतेक ठिकाणी फुली होती. फुल्या खऱ्या होत्या, हेच थोरलीला सहन होत नव्हतं. त्यात नवरा म्हणाला, छान मांडलंय, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या कंपनीने सासूबाईंच्या मोबाइलवर आकडे पाठवले. त्यांनी चष्मा वर करून ते वाचले, टॅब्लेटवर टाकले आणि आत गेल्या. झालं एवढंच का, असं त्यांनी विचारलंसुद्धा. धाकटी काही बोलली नाही. जिंकून वर शहाण्यासारखी गप्प राहणारी माणसं थोरलीला मुळातच आवडत नसत.

मग घरच्याची पाळी आली. सासूबाईंनी नंबर घातला, पासवर्डच्या जागी बोट टेकवल्यासारखं केलं आणि पापणी लवायच्या आत रिपोर्ट उघडले. थोरलीच्या नवऱ्याने मान डोलावली. आईंना हे इतकं सोपं जात असेल तर बदलायचंच कशाला, असं धाकट्या दिरालाही वाटायला लागलं. थोरली जरा ताठ बसली. एवढी दोन कंपन्यांची वरात आणली आणि काय मिळवलंस, असं धाकटीला विचारावं, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

धाकटीचं लक्ष मात्र सासूबाईंच्या बोटाकडे होतं.

“आई, तुमचा पासवर्ड केवढा आहे?”

“पासवर्ड कसला?” सासूबाई म्हणाल्या. “थोरलीच्यात मी काहीही टाकते. घेते ती मला.”

त्या कौतुकाने म्हणाल्या होत्या. धाकटीने टॅब्लेट घेतला, सासूबाईंचा नंबर घातला आणि पासवर्डच्या जागी नुसतं एक टिंब दिलं. साखरेचा रिपोर्ट आला, किडनीचा आला, आणि ज्याबद्दल घरात मोठ्याने बोलत नसत तो गाठीचाही आला.

थोरलीला सांगावंच लागलं. सुरुवातीला आई दर वेळी पासवर्ड विसरत आणि अगदी रडकुंडीला येत. म्हणून तिने कोडमध्ये एक ओळ घातली, की हा नंबर आला तर काही विचारू नकोस, आत घे. चाचणी झाली की काढणार होती. पण तिची प्रत्येक स्क्रीन आईंकडून पास होत गेली आणि ते तिला गोड लागत गेलं. नवरा मान खाली घालून ऐकत होता. दिराने उठून भिंतीवरचा ‘घरचं’ हा रकाना पुसला. दुसरी कंपनी ठरली. कुणी आवाज चढवला नाही, ते थोरलीला जास्त लागलं.

ती ओळ तरी आपल्या हाताने काढावी, म्हणून ती टेबलाशी जाऊन बसली. धाकटी मागोमाग आली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. आता ही उपदेश पाजणार, म्हणून थोरलीने दात आवळले. धाकटी नुसती ती ओळ वाचत राहिली.

“मी लग्न होऊन आले तेव्हा माझा पासवर्ड चुकला होता, ताई,” ती म्हणाली. “तुमच्या लॉगिनने मला दिवसभर बाहेर ठेवलं. तुम्हाला विचारलं, तर म्हणालात, नियम सगळ्यांना सारखा.”

“होताच सारखा,” थोरली म्हणाली. “आईंचं वेगळं होतं.”

“मला वाटायचं खरंच सारखा आहे. म्हणून कधी राग नाही आला.”

थोरलीने ओळ पुसली आणि बदल चालू केला. मग खात्री करायला सासूबाईंचा नंबर घालून एक टिंब दिलं. पासवर्ड चुकीचा आहे, असं लाल अक्षरांत आलं.

“चला,” धाकटी उठत म्हणाली, “आता आई आणि मी सारख्या.”