फॉर्मवरचा नंबर

"हिच्या रिपोर्टचं हिला सांगितलंच नाही. उगाच घाबरली असती," बीपी मोजायला दंड पुढे करत नवरा म्हणाला. बायको शेजारीच त्याची फाईल सांभाळत बसली होती.

डॉक्टरीणबाईंचं डोकं सणकलं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी नमुना आता बाईला स्वतःच घरी घेता येत होता. त्याच्या बायकोनं धीर करून तो घेतलाही होता. रिपोर्टात दोष निघाल्याचा मेसेज तीन महिन्यांपूर्वीच गेला होता.

"तिचा मेसेज तुम्ही दाबून ठेवलात?"

"नंबर माझाच लिहिलाय ना तुम्ही!"

डॉक्टरीणबाईंनी तिच्या तपासणीचा फॉर्म काढला. अक्षर त्यांचंच होतं. केसपेपरवर लिहायच्या सवयीनं इथंही नवऱ्याचाच नंबर लिहिला होता. त्यांनी तो कागद फाटेपर्यंत खोडला. "तुझा नंबर सांग गं."

तिनं फाईल नवऱ्याच्या मांडीवर आपटली. "नंबर राहू द्या, बाई. मला काय झालंय ते सांगा."