शोकेसमधल्या प्लेट्स

माझ्या नवऱ्याला, शिरीषला, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन प्लेट्स जमवायचा नाद होता. पांढरीशुभ्र चिनी माती, मधोमध गरुड, त्याच्या पंजात नाझींचं स्वस्तिक, खाली पलटणीचं नाव आणि साल. अमेरिकेत शुगर लँडच्या आमच्या घरी गणपतीला माणसं यायची, तेव्हा मी त्या शोकेसवर चादर टाकायचे.

"असल्या काही प्लेट्स छळछावणीतल्या कैद्यांकडून करून घेतल्यात. शिसारी येते मला," मी म्हणायचे.

"अगं, मी फक्त कारागिरी बघतो. पॉलिटिक्सशी मला काय करायचंय?"

शेवटी रुहीने कॉलेजमधून फोन करून सांगितलं, "बाबा, त्या प्लेट्स घरात असेपर्यंत मी थँक्सगिव्हिंगला येणार नाही." लेकीपुढे त्याचं काही चाललं नाही. त्याने सगळ्या ऑनलाइन विकायला काढल्या.

शनिवारी सकाळी पिकअप घेऊन एक गोरा माणूस आला. शिरीष एकेक प्लेट हातात घेऊन कौतुकाने दाखवत होता. त्या माणसाने सगळ्या पसंत केल्या. मग तो अगदी शांतपणे म्हणाला, "गाडीत ठेवायच्या आधी जरा धुऊन द्या. तुम्हा लोकांचे हात लागलेत."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. आता शिरीष याला घराबाहेर काढणार, म्हणून मी दार उघडायला धावले.

 

"सॉरी, सॉरी," म्हणत शिरीषने किचनमधला गरम पाण्याचा नळ सोडला.