अकरा नावं

एकोणीसशे चौऱ्याण्णव साली काशीत मंगला गौरीच्या देवळाजवळ तीर्थोपाध्याय यज्ञेशगुरुजींच्या ओसरीवर मार्थाने तिच्या अमेरिकेतल्या विद्यापीठाचं पत्र मराठीत वाचून दाखवलं: सागरी इतिहासाच्या प्राध्यापिकेला काशीत काय काम? महिनाभरात परत या, नाहीतर राजीनामा पाठवा. गुरुजी यजमानांची जुनी वही उघडून वाचू लागले. त्यांच्या खापरपणजोबांनी साल घालून मोडीत लिहिलं होतं: कोकणातलं गलबत वादळात बुडालं, प्रेतं मिळाली नाहीत, म्हणून दर्भाचे अकरा पुतळे मणिकर्णिकेवर जाळले. खाली अकरा नावं. मार्था चपापली. तेच साल, तेच गलबत तिच्या पुस्तकात होतं. इंग्रजांच्या दप्तरावरून तिने नुसतं 'अकरा देशी खलाशी बुडाले' असं छापलं होतं. तिने पत्र उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर एकेक नाव उतरवायला घेतलं. "अहो बाई, नौकरी जाईल ना," गुरुजी म्हणाले. "जाऊ द्या. सातवं नाव परत वाचा, त्याच्या बापाच्या नावासकट."