बोलकं यंत्र

मुक्याला बोलतं केलं म्हणून छाती फुगवता, केंद्रवाल्यांनो? साफ खोटं!

वायरमन खांबावरून पडला. हातपाय गेले, मानसुद्धा हलेना, आवाजही बसला तो बसलाच. पुनर्वसन केंद्राने त्याला ठेवून घेतलं आणि यंत्र दिलं. पडद्यावरच्या वाक्यावर नजर रोखली, की यंत्र ते बोलतं. बायको त्याला घरी न्यायला आली, तेव्हा मोठ्या साहेबांनी त्यालाच विचारलं, "काय मामा, इथेच राहायचं ना?"

त्याची नजर पडदाभर सैरावैरा धावली आणि दमून एका जागी थांबली.

"धन्यवाद!" यंत्र म्हणालं.

"ऐकलंत ना बाई? आता सोडा हट्ट."

बायकोने पडदा साहेबांच्या तोंडासमोर फिरवला.

"'पाणी हवं' आहे, 'बरं वाटतंय' आहे. यात 'नाही' कुठंय, साहेब? दाखवा!"