वाटेवरचं कापड

"कलाबेन आहेत का घरात?"

कलाबाईच्या हातातून सुई निसटली. पाऊल पुरुषाचं वाजलं असं तिला वाटलं होतं. दारात मात्र पोट पुढं आलेली, घामेजलेली एक पोरगेली बाई उभी होती. काखेत बोचकं.

"मी चैताली. पर्वत पाटियाहून आले. बाळासाठी गोधडी हवीय. नववा लागलाय."

"बस माय, आधी टेक. रविवारी घरी आणून देते."

बेन, म्हणजे बहीण, ही हाक आता कलाबाईच्या अंगवळणी पडली होती. लिंबायतमध्ये भाजीवाला बेन म्हणायचा, रिक्षावाला बेन म्हणायचा. तिचा नवरा उखा हसायचा. "ह्या सुरतेत माणसाला एक बायको सोडली तर बाकी सगळ्या बेनच!"

उखा बेपत्ता होऊन दोन वर्षं झाली. प्लेगच्या साथीत अर्धं सुरत पळत सुटलं, तेव्हा त्यानं तिला स्टेशनच्या गर्दीत खिडकीतून अमळनेरच्या गाडीत ढकललं होतं. "तू हो पुढं, मी मागून येतो." महिन्यानं ती परतली. कापडाचे लूम पुन्हा खडखडायला लागले होते, खोलीचं कुलूप तसंच होतं. आत खुंटीवर त्याचा निळा शर्ट. तो आजही तिथंच होता.

चैतालीनं बोचकं सोडलं. दोन साड्या, एक ओढणी, एक जुना परकर.

"बापाचं काहीच नाही?" कलाबाईनं विचारलं. "बाळाच्या गोधडीत मधोमध बापाचं ठिगळ लागतं. नाहीतर लेकरू बापाला ओळखत नाही."

"मागितलं तर अंगावर आले. टेम्पो चालवतात ना! म्हणतात, वाटेवरच्या माणसाच्या कापडाला कात्री लावू नये, वाट कापली जाते."

कलाबाईला बरं वाटलं. तिच्या गावात घरोघर हेच मानायचे. "शहाणा गं तुझा नवरा. जुनं जाणतो."

"शहाणे कसले, हट्टी आहेत," चैताली हसली आणि पोट सावरत उठली.

मंगळवारी म्युनिसिपालटीची माणसं लाल रंगाचा डबा घेऊन गल्लीत आली. भिंतीभिंतीवर फुल्या मारत गेली. रस्ता रुंद होणार होता. पुढच्या सोमवारी घरं पाडायची आणि माणसांना नवागामात खोल्या द्यायच्या. ज्यानं त्यानं कागदावर अंगठा नाहीतर सही द्यायची. गल्लीतल्या सगळ्यांनी दिली. कलाबाईनं नाही.

"इथून हलले तर त्यानं मला शोधायचं कुठं?" ती म्हणाली. निरोप लिहून ठेवायचा तर भिंतीवर, आणि भिंतच जाणार होती.

गुरुवारी शेजारच्या पुष्पाबाईनं तिला ओढतच नवागामला नेलं. खोली छान होती. नळ आत, खिडकीत ऊन. कलाबाई उंबऱ्यावरच उभी राहिली. "चल ना वं. कुलूप नीट लागलं का नाही, जीव तिकडंच आहे."

परतताना रिक्षात पुष्पाबाई हळूच म्हणाली, "साथीत कोण कुठं पडलं, कुणी लिहून ठेवलंय? तो शर्ट काढ खुंटीवरून. गोधडीत घाल. थंडीत तुलाच ऊब येईल."

"वाटेवर आहे तो."

"दोन वर्षं वाटेवर? कुठूनही चालत निघाला असता तरी आतापावेतो दहादा आला असता!"

"गप वं," कलाबाई म्हणाली.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. टाका वाकडा पडायचा, ती उसवायची, पुन्हा घालायची. बाहेर रिक्षाचा ब्रेक वाजला की उठायची. बसली की तोंडात आईची ओवी यायची.

टाका चालस चालस, जशी मुंगीनी रांग,
वाटवरना धनीले, घर मनं सांग.

गोधडी झाली. हिरवी, गुलाबी, चारी कोपरे भरलेले. मधोमध मात्र तळहाताएवढी जागा तिनं रिकामी ठेवली. बापाची. घरी असला तर आपणच मागू, तिनं ठरवलं. म्हाताऱ्या बाईला नाही म्हणायचा नाही.

रविवारी दुपारी ती पर्वत पाटियाला गेली. दिवेलागणीच्या आत परत आली. गोधडी तशीच काखेत होती.

"काय गं, आवडली नाही?" पुष्पाबाईनं दारातून विचारलं.

"मधला तुकडा राहिलाय. उद्या सकाळी कुणाच्या हाती पाठवते." कलाबाईनं कुलूप काढलं. "आणि तो नवागामचा कागद आण. अंगठा लावते."

कलाबाई आत गेली, खुंटीवरचा निळा शर्ट काढला, मांडीवर पसरला आणि पाठीच्या मधोमध कात्री घातली.

"अगं बाई गं!" पुष्पाबाईनं तोंडाला पदर लावला. "कळलं का काही? कधी?"

"आज."

"कुठं गं, कुठं गेला माझा भाऊ?"

"पर्वत पाटियाला."

पुष्पाबाई उंबऱ्यावर बसली. तिचे डोळे वाहायला लागले. कलाबाईचे कोरडे होते. कात्री सरळ चालत होती.

"भेट तरी झाली का? शेवटाला काही बोलला?"

"बोलला." कलाबाईनं सुईत दोरा ओवला. "‘बसा बेन,’ म्हणाला. ‘पाणी घ्या.’"

मग तिनं तो निळा तुकडा चैतालीच्या बाळाच्या गोधडीत, बापाच्या जागी ठेवला आणि पहिला टाका घातला.