दोन बिया

रसायनशास्त्राच्या बाईंच्या घरी फ्रिजमध्ये लिंबाचं सरबत कधी टिकायचंच नाही. बाई शाळेतून दमून येईपर्यंत दहावीतली लेक बाटलीत फक्त दोन बिया शिल्लक ठेवायची. शेवटी वैतागून बाईंनी बाटलीवर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली, 'सायट्रिक आम्ल'.

त्या दिवसापासून लेक बाटलीकडे फिरकेनाशी झाली. सरबत वाचलं, पण बाईंच्या जिवाला घोर लागला. परीक्षा तोंडावर आलेली, आणि लिंबात कोणतं आम्ल असतं एवढंही पोरीला ठाऊक नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पेपरच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी फ्रिज उघडला, तर बाटलीत पुन्हा दोन बिया.

 

"अहो," त्यांनी हसत नवऱ्याला हाक मारली, "पोरगी पास होतेय."